डाळिंबाखाली कुणी नाही

या, असं जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, जागा भरपूर आहे. आज एक गोष्ट सांगतो. एरवी मी सांगतो त्या गोष्टींत शेवटी देव धावून येतो आणि तुम्ही डोळे पुसत घरी जाता. आजच्या गोष्टीत तो धावून आला नाही. का आला नाही, ते मला विचारू नका. मी त्यालाच विचारून विचारून थकलो. पण पदरचा एक शब्द घालणार नाही, हे वचन. सरतेशेवटी तुमच्याकडे एक मागणं मागेन. फार मोठं नाही.

एक बाई होती. तिचा धंदा जगावेगळा. मोडून पडलेली, दगडासकट उचलून नेलेली, नकाशावरून पुसली गेलेली घरं ती शोधून द्यायची. ओसाड रानात तिला नेऊन सोडा, ती दोन्ही हात पाठीमागे बांधून चालू लागायची आणि थोड्या वेळानं सांगायची, "इथे मोरी होती. तिकडे गोठा. आणि तुम्ही उभे आहात ना साहेब, ती चुलीची जागा." म्हणून सगळे तिला खूणवाली म्हणत.

यात जादूटोणा काही नव्हता. गवताचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा गडद आणि सरळ रेषेत गेलेला दिसला, की तिथून कधीकाळी सांडपाणी वाहत होतं. त्या पट्ट्याच्या टोकाला बहुतेक लिंबाचं झाड सापडतं, कारण मोरीच्या पाण्यावर लिंबू फुकटात पोसतं. गोठा मोडून कितीही वर्षं झाली तरी त्या जागी अंगाला खाज सुटेल असं तण कमरेएवढं माजतं. भिंतीचा चुना मातीत मिसळला की गोगलगायी गोळा होतात. त्यांचे पांढरे शंख मूठभर सापडले की समजावं, इथे चुना लावलेली भिंत होती. एका वयाची, जोडीनं उभी असलेली दोन झाडं म्हणजे फाटक. आणि रानात एकटाच गुलाब दिसला तर?

"गुलाबाला काय पाय असतात?" ती म्हणायची. "कुण्या बाईनं हातानं आणून लावला, म्हणून तो तिथे आहे. माणसाच्या बोलण्यावर मी जात नाही. माणूस इकडचं तिकडे करतो. झाड आपणहून चालत जात नाही."

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. सगळी गोष्ट इथेच अडखळून पडणार आहे.

तर एक खोरं होतं. चाळीस वर्षांपूर्वी तिथे धरण बांधायचं ठरलं. खोरं बुडणार म्हणून माणसं हलवली. दगड, तुळया, दारं, ज्याला जे नेता आलं ते त्यानं नेलं. आणि मग धरण बांधलंच नाही. पाण्याची वाट बघत खोरं रिकामं राहिलं आणि पाण्याऐवजी रान वाढलं. आता इतक्या वर्षांनी वरच्या लोकांना जाग आली, की ज्याची जागा त्याला परत करावी. पण कुणाची कुठली? जुनं दप्तर तळघरातल्या ओलीनं कुजून त्याचा लगदा झालेला. म्हणून नियम निघाला: दावेदारानं आपली जागा दाखवायची आणि खूणवालीनं तिथे घराच्या तीन खुणा काढून द्यायच्या. तीन भरल्या तर जागा तुमची. नाही भरल्या तर अर्ज फेटाळला, तो पुन्हा करायची सोय नाही. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. खूणवालीनं दिलेली एक जरी खूण खोटी निघाली, तर तिनं आजवर दिलेले सगळे दाखले रद्द.

तिनं तोवर दोनशे अकरा दाखले दिले होते. दोनशे अकरा कुटुंबं परत आली होती, कुणी पाया घातला होता, कुणी छप्पर चढवलं होतं. बायका तिला रस्त्यात थांबवून तिचे हात हातात घ्यायच्या.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला साहेबांचं टेबल, दुसऱ्या टोकाला कारकुनाचं, मध्ये पत्र्याची चार कपाटं. पंखा लावला की कागद उडत, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर खूणवालीनं रानातून आणलेला एकेक दगड. कारकून वयस्कर, निवृत्तीला सहा महिने राहिलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, तोंडाला लगाम नाही.

"बाई," एके दिवशी तो म्हणाला, "हा अर्ज बघा. तुमच्याच गावचा दिसतोय. दावेदार एकटी बाई. धंदा, कपडे धुणे. आणि कारण काय लिहिलंय, वाचू? 'मला शेती नको. माझी मुलगी तिथे पुरलेली आहे. तेवढी जागा मिळाली तर बरं.' घ्या! साहेब, 'तेवढी' म्हणजे किती फूट लिहू?"

साहेब हसले. खूणवालीनं अर्ज हातात घेतला आणि वाचल्यासारखं केलं. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढून सरकत होती, आत काही जात नव्हतं.

का, ते सांगतो.

चाळीस वर्षांपूर्वी खूणवाली नऊ वर्षांची होती आणि घरात तिला बारकी म्हणत. त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला धुणेवालीचं घर. अंगणात भट्टी, भट्टीवर तांब्याचा मोठा हंडा, त्यात गावभरच्या चादरी उकळत. राखेचं आणि सोड्याचं पाणी वर्षानुवर्षं त्याच अंगणात ओतलं जाई. धुणेवालीला एक मुलगी होती, सहा वर्षांची. एका जागी म्हणून टिकायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दोन वेण्या, दोन हिरव्या फिती, आणि दिवसभर बारकीच्या मागे मागे.

गाव उठायला लागलं त्या शेवटच्या दिवसांत भिंगरीला ताप भरला. डॉक्टर आधीच्याच ट्रकमधून निघून गेला होता. चार दिवसांत पोर गेली. आईनं तिला अंगणाच्या कडेला पुरलं, भट्टीजवळ, काम करताना डोळ्यांपुढे राहावी म्हणून. वर डाळिंबाचं रोप लावलं, कारण डाळिंब खारं पाणी सोसतं. दुसऱ्याच दिवशी बकरीनं रोप मधोमध चावलं. बाईनं मोडलेलं देठ जुळवलं, त्याला काडीचा आधार दिला आणि भिंगरीच्या वेणीतली एक हिरवी फीत घट्ट गुंडाळली. दुसरी फीत स्वतःजवळ ठेवली. महिन्याभरात खालच्या आळीसाठी ट्रक आला आणि तिला घेऊन गेला. रोप तोवर जगलं होतं.

मग गावात आवई उठली: झाडं मोजायला माणूस येणार आहे, ज्याच्या अंगणात जास्त झाडं त्याला नव्या वस्तीत जास्त जागा. वडिलांनी दोन्ही मुलांच्या हातांत फावडी दिली. "खालच्या अंगणात जे जे जिवंत असेल ते उपटून आणा."

"बाबा, ते डाळिंब भिंगरीचं आहे," बारकी म्हणाली.

"भिंगरीला आता ते काय करायचंय?"

मोठा भाऊ पंधरा वर्षांचा. त्यानं तिचा कान पिळला आणि तसाच धरून तिला खाली नेलं. अंजीर आणि जाई त्यानं खणली. डाळिंब तिच्याकडून खणून घेतलं. खोल जाऊ नये म्हणून ती जपून खणत होती, आणि तो वरून हसत होता. "अगं, चावणार आहे का ती तुला?" मातीच्या गोळ्यासकट रोप कुशीत धरून ती कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. अकरा पावलं. तिनं ती मोजली नव्हती. ती मोजली गेली आणि जन्मभर तशीच राहिली.

झाडं मोजायला कुणी आलंच नाही. पण वरच्या अंगणात डाळिंब, अंजीर आणि जाई फोफावली. तीन महिन्यांपूर्वी दादानं आपल्या जागेचा दावा लावला, तेव्हा हीच तीन झाडं तीन खुणा म्हणून लिहिली गेली. खरं तर तिथे त्यांच्या घराच्या बाकीच्या खुणाही होत्या, उंबऱ्याचा दगड होता, बुजलेली विहीर होती. पण तीन झाडं डोळ्यांत भरणारी, साहेबांना घाई. तिनं मान डोलावली आणि कारकुनानं लिहून टाकलं. एक खोटी खूण पुरे होती, इथे तर तीन होत्या.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा दादानं स्वतःच विषय काढला. कचेरीतली बातमी त्याच्या कानावर कशी जाते, देव जाणे. नवरा गेल्यापासून ती दादाकडेच राहत होती, आता परत मिळालेल्या जागेवर त्यानं बांधलेल्या घरात एका खोलीत. खोलीची खिडकी नव्या अंगणावर उघडायची, समोर डाळिंब.

"धुणेवाली मावशी येतेय म्हणे."

"येतेय."

"खालचा तुकडा मी टाकीसाठी धरलाय. तुला माहीत आहे."

"दादा, तिला शेती नकोय. तिला फक्त…"

"तिला काय हवंय ते मला कळलं." त्यानं ताट पुढे सरकवलं. "तू मला सांग, तिथे तीन खुणा कुठून आणणार? झाडं तर इकडे आलीत. मग कशी आली, ते सांगावं लागेल. सांगशील? सांग की. मग माझा दाखला गेला. बरं, माझा जाऊ दे, मी पापीच. ते दोनशे अकरा? त्यांच्या घरी कोण जाणार सांगायला, तू?"

ती ताटातला भात चिवडू लागली.

"आणि खणलं कुणी होतं डाळिंब?" तो हसत म्हणाला. "मी फक्त कान धरला होता."

पाहणीचा दिवस ठरला. साहेब छत्री धरून, कारकून काखेत रजिस्टर मारून, खूणवाली खांद्यावर पिशवी अडकवून. दादा आपल्या अंगणात हाताची घडी घालून उभा. आणि पायवाटेनं धुणेवाली आली. सत्तरीची, हाडांची मोळी झालेली, हात मात्र कोपरापर्यंत पांढरेफटक आणि सुरकुतलेले, जन्मभर पाण्यात भिजलेले. खूणवालीला पाहून ती थबकली, मग तिचा चेहरा उजळला.

"बारके! अगं तू? केवढी म्हातारी झालीस गं!"

कारकून खुदकन हसला. "चला, आमच्या बाईंना खरं सांगणारं कुणीतरी भेटलं."

"बसा ना मावशी, दमला असाल," खूणवाली म्हणाली.

"बसायला नाही आले, बाई. दाखवायला आले." म्हातारी डोळ्यांवर हात धरून इकडे तिकडे पाहू लागली. दादाचं नवं घर सोडलं तर जुनी भिंत एकही नव्हती. पावसांनी उतारच बदलला होता, कुंपण गेलं होतं, वाट तिसरीकडूनच आली होती. तिची नजर भिरभिरली, आणि डाळिंबावर पोचताच थांबली.

ती जवळजवळ धावतच गेली. झाड आता छपराएवढं झालं होतं. बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर एक कोपर होतं, झाड तिथे वाकून पुन्हा सरळ गेलेलं, आणि त्या कोपराभोवती साल आत दाबली गेलेली, जशी मनगटात घट्ट बांगडी रुतावी. म्हातारीनं त्या खाचेवरून बोट फिरवलं.

"ही माझी गाठ आहे," ती म्हणाली. "बकरी चावली होती. मी बांधलं होतं. साहेब, हीच जागा. हे बघा अंजीर, ही जाई. माझंच अंगण. बारके, तुमचं जुनं घर याच्या वर कुठेतरी असणार."

साहेबांनी रजिस्टर उघडून पाहिलं. "ही जागा तर दिलेली आहे. आजी, दुसऱ्याच्या जागेवर हक्क सांगताय? उद्या म्हणाल, कचेरीही माझीच."

"दादा, तूच सांग," म्हातारी दादाकडे वळली.

"मी कशाला?" दादा गोड आवाजात म्हणाला. "आमची बारकी आहे ना. तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द?"

सगळे खूणवालीकडे बघू लागले. ती पुढे झाली आणि बुटाच्या टोकानं गवत बाजूला करून तिनं उंबऱ्याचा दगड दाखवला, दाराचा खुंट फिरायचं भोक असलेला. मग विहिरीचा खळगा. दोन्ही त्यांच्याच घराचे. दोन्ही खरे. त्या सकाळी ती जे जे बोलली त्यातलं बहुतेक सगळं खरंच होतं. "मावशी, हे आमचंच घर. हा दगड तुम्हाला आठवत असेल. यावर बसून आम्ही दोघी खेळायचो."

म्हातारी दगडाजवळ वाकली. तिनं भोकात बोट घालून पाहिलं. तिला आठवलं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"मग माझं डाळिंब?"

अंजिरात पाखरं कलकलत होती.

"झाड तर चालत जात नाही," म्हातारी स्वतःशीच म्हणाली. "तुझंच वाक्य ना गं हे? वस्तीत सगळे सांगतात. मी तर त्याच भरवशावर अर्ज केला. म्हटलं, घर गेलं असेल, पण झाड तिथेच असणार." ती विचार करत राहिली. मग हळूहळू मान हलवू लागली. "म्हणजे मी तिला तुमच्या हद्दीत पुरलं. असंच झालं असणार. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता, कुंपण कुठलं, अंगण कुठलं, मला काय शुद्ध होती? आणि तुम्ही लोक एका शब्दानं बोलला नाहीत. एवढी वर्षं."

तिनं दादाचे हात धरले. "किती चांगली माणसं रे तुम्ही."

दादानं खाली बघितलं. लाजून नव्हे, त्याला हसू आवरत नव्हतं.

खूणवालीला तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडायचं, दोन वाक्यं सांगायची, संपलं. मी अनेकदा त्या जागी स्वतःला उभं करून पाहिलं आहे, आणि दर वेळी मी बोलतो. पण इथे बसून बोलायला माझं काय जातं?

"मग आजींचं घर कुठे?" कारकून म्हणाला. तो खालच्या अंगाला गेला होता. "बाई, इकडे या. हे टक्कल कसलं? चोहीकडे गवत आणि मध्येच हे?"

खालच्या अंगणात खाटेएवढ्या दहा-बारा जागा मिळून एक उघडा पट्टा होता, राखाडी, भेगाळलेला. खूणवाली तिथे गेली आणि तिचे डोळे आपोआप कामाला लागले. तिला नको होतं, पण इतक्या वर्षांची डोळ्यांची सवय कुणाला विचारत नाही. परवाचा पाऊस अजून वर साचून होता. सोड्यानं माती अशी घट्ट होते की पाणी मुरतच नाही. एक. पट्ट्याच्या वरच्या बाजूला शंखांची सरळ ओळ, म्हणजे चुन्याची भिंत. दोन. आणि भेगांमधून डोकावणारं लालसर देठाचं, जाड पानांचं बोटभर तण. खाऱ्या मातीशिवाय ते कुठेच उगवत नाही. तीन.

भट्टी. धुणेवालीचं अंगण. झाडांची गरजच नव्हती. कुणाचा दाखला जाणार नव्हता, दोनशे अकरांतल्या एकाच्याही छपराला धक्का लागणार नव्हता. डाळिंबाबद्दल अवाक्षर न काढता तिला तीन खुणा भरता आल्या असत्या.

पण मग हे घर इथे, तर झाड तिथे कसं, हे म्हातारीनं विचारलं असतं. तिनं नसतं विचारलं तर कारकुनानं विचारलं असतं.

"मागे त्या साबणवाल्याच्या जागी तुम्ही असलंच काहीतरी तण दाखवलं होतं ना?" कारकून वाकून बघत म्हणाला. चष्मा अजून गळ्यातच होता.

"ते वेगळं," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. "मुळं बघते." सात रोपं होती. तिनं एकेक करून सातही उपटली, झटकली आणि पिशवीत टाकली. उठताना शंखांच्या ओळीवर तिचा बूट पडला. तो तिनं उचलला नाही, फिरवला. कडकड आवाज झाला.

"खाली कातळ आहे," ती म्हणाली. "म्हणून काही उगवत नाही. म्हणूनच पाणी साचलंय."

"घराची खूण?"

"नाही."

कारकुनानं चष्मा लावला. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं लिहिलं: खूण आढळली नाही. साहेबांनी छत्री मानेत धरून सही केली.

"आजी, अर्ज संपला," ते म्हणाले. "पुन्हा येऊ नका, उपयोग नाही."

म्हातारी भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की अधूनमधून डाळिंबाजवळ येऊन बसलं तर चालेल का. दादानं मोठेपणा दाखवला. "मावशी, हे काय विचारणं झालं? झाड तुमचंच समजा. रोज या." साहेबांनाही बरं वाटलं. परतताना ते कारकुनाला म्हणाले, असे शेजारी मिळायला भाग्य लागतं.

आणि ती रोज येऊ लागली. झाडाजवळ नुसतं बसणं तिच्या अंगवळणी पडेना. फुकटचं घेणं तिला कधी जमलंच नव्हतं. "तुमचे कपडे टाका इकडे, दादा. माझ्या पोरीला जागा दिलीत, एवढं तरी करू द्या." दादानं कपडे टाकले. मग पाहुण्यांचे टाकले, मग नव्या भाडेकरूंचे. टाकीचा बेत त्यानं गुंडाळून ठेवला. फुकटची धुणेवाली टाकीपेक्षा सोयीची. डाळिंबाच्या मुळाशी सोड्याचं पाणी जायला नको म्हणून ती धुणं खाली त्या टकलावर नेई. तिथे नाहीतरी काही उगवत नव्हतं. पडक्या दगडांतून एक सपाट दगड तिनं ओढत आणला आणि उताराचा अंदाज घेऊन, जन्मभराच्या सवयीनं नेमका जिथे हवा तिथे बसवला.

खूणवाली खिडकीतून बघत होती. कुंपणाचा जुना कोपरा तिला ठाऊक होता. दगडापर्यंत नजरेनं पावलं मोजायची तिला गरज नव्हती, तरी तिनं मोजली. मुलीची अकरा पावलं.

रोज सकाळी म्हातारी त्या दगडावर चादरी आपटायची, उकळत्या पाण्याचे हंडे त्याच मातीवर उपडे करायची. काम आटोपलं की ओले हात पदराला पुसून वर यायची, डाळिंबाच्या कोपरावर हात ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. "भिंगरे, आज ऊन फार आहे गं. तुला सावली आहे ना?" दुसरी हिरवी फीत तिनं त्या खाचेवरच बांधली होती.

एकदा, एकदाच, खूणवाली खाली उतरली. म्हातारी हंडा कलता करायच्या बेतात होती. वाफ येत होती.

"मावशी, इथे नका ओतू."

"का गं?"

खूणवालीचे ओठ हलले. वर अंगणात दादा खुर्ची टाकून बसला होता. तो इकडेच बघत होता आणि स्वतःचा कान हलकेच चोळत होता.

"चिखल होतो," ती म्हणाली. "तुमचा पाय घसरेल."

"चिखलाला मी कधी भ्यायले, वेडे?" म्हातारी हसली. "किती काळजी करतेस. अगदी लहानपणीसारखी." आणि तिनं हंडा उपडा केला.

तिथल्या भेगांतून ते लालसर देठाचं तण पुन्हा उगवलं. दर आठवड्याला उगवतं. दर आठवड्याला खूणवाली सकाळी लवकर, म्हातारी यायच्या आत, खाली जाते आणि एकेक उपटून पिशवीत टाकते. वस्तीतले लोक म्हणतात, बघा, म्हातारीला धुताना टोचू नये म्हणून बाई किती जपते.

संपली गोष्ट. आता मागणं.

खूणवालीची आठवण ठेवा असं मी म्हणणार नाही. तिला आठवणीपासून सुटका नाही, तेवढं पुरे. धुणेवालीसाठी हात जोडा, पण तिला निदान एक झाड आहे, खोटं का होईना. मला सांगायचंय ते भिंगरीबद्दल. सहा वर्षांची, दोन वेण्यांची, एका जागी कधी न थांबलेली, आणि आता चाळीस वर्षं एकाच जागी पडलेली. तिची आई रोज तिच्यावर उभी राहते आणि हाक मात्र दुसरीकडे मारते. तुम्ही कुठे चालत असाल आणि हिरव्या रानात मध्येच एखादा उजाड, राखाडी तुकडा दिसला, तर पाय जपून टाका. आणि मनातल्या मनात एकदा तिला हाक मारा. योग्य जागी मारलेली एक तरी हाक तिला ऐकू जाऊ दे.